गुरुवारची गैरहजेरी

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पाठीला सॅक लावून कॉलेजात जाणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते केमिस्टकाकूंच्या एव्हाना अंगवळणी पडलं होतं. हे नाव वर्गातल्या पोरींनी ठेवलेलं. काकूंनी अठरा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काढली आणि मग कोणाला काही न विचारता आरोग्य मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. पोरींच्या आया त्यांच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. तरी पोरींनी त्यांना आपल्यात ओढलं, त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स काढल्या आणि परीक्षेच्या आधी रडायला त्यांचाच खांदा वापरला. काकूंचा खांदा त्या कामाला बरा होता, कारण तो कितीही भिजला तरी काकूंना काही व्हायचं नाही.

हा अभ्यास नेमका कशाचा, ते सासूबाईंना दोन वर्षांत उमगलं नव्हतं. माणूस आजारी पडला की त्याचं मन काय करतं ते शिकायचं, असं काकूंनी एकदा समजावून सांगितलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या की त्यात शिकायचं काय, ते कुरकुरतं. नवरा पोट धरून हसला. हसायला हवं एवढं काकूंच्या लक्षात आलं, म्हणून त्याही हसल्या.

खरं कारण काउंटरवरच घडलं होतं. माणूस गेलं की आठ-पंधरा दिवसांनी घरचं कोणीतरी पिशवी घेऊन दुकानात यायचं आणि उरलेल्या गोळ्या परत घेता का म्हणून विचारायचं. काकू पिशवी उलटी करायच्या तर आतून महिनामहिन्याची न फोडलेली पाकिटं पडायची. काकूंनीच ती दिली होती, सकाळी एक, रात्री एक असं बजावून. लोक घरी जाऊन ती कपाटात ठेवत होते. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. जगायला म्हणून आणलेलं औषध माणूस घेत का नाही, हा प्रश्न काकूंच्या डोक्यात तेव्हा घुसला तो निघालाच नाही.

म्हणून प्रबंधाला विषय घेतला तोही तसलाच: डायलिसिस चुकवणारे रुग्ण. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्त यंत्रातून गाळून घ्यावं लागतं, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, आणि पाणीही रोज मोजूनच प्यायचं. एखादी खेप चुकली की अंगात पाणी साठतं, श्वास लागतो, हृदयावर ताण येतो. हे सगळं ठाऊक असून काही जण येत नाहीत. अशा चौदा जणांना गाठायचं, त्यांच्याशी तासभर बोलायचं, बोलणं रेकॉर्ड करायचं आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचा, असं ठरलं.

त्यासाठी कॉलेजच्या नीतिसमितीची परवानगी लागते. तो अर्ज म्हणजे बावीस पानांचं प्रकरण. काकूंनी एका सीनियर मुलीचा मंजूर झालेला अर्ज समोर ठेवला आणि जमेल तेवढा जसाच्या तसा उतरवला. सगळेच तसं करतात. त्यात एक वाक्य होतं: संशोधक कोणत्याही टप्प्यावर रुग्णाच्या कुटुंबीयांशी संपर्क साधणार नाही. त्या मुलीचा विषय त्वचारोगाचा होता, तिला त्या वाक्याने काही फरक पडला नसावा. काकूंनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही ठोकली.

सातवी मुलाखत मास्तरांची झाली. मास्तर म्हणजे टेलर, वय त्रेसष्ट, हाताला अजून खडूचा रंग. कागदोपत्री ते 'सहभागी क्रमांक सात', कारण नाव लिहायचं नसतं. त्यांची वेळ सोमवार, गुरुवार, शनिवार, पहाटे पाचची पाळी. चार महिन्यांपासून एकाही गुरुवारी ते आले नव्हते. हजेरीच्या तक्त्यावर त्यांच्या ओळीत दर गुरुवारी लाल फुली होती. डॉक्टर त्यांना दोनदा रागावले होते, सिस्टर दर आठवड्याला रागवत होत्या. मास्तर मान डोलवायचे आणि पुढच्या गुरुवारी यायचे नाहीत.

काकूंनी शिकवल्याप्रमाणे विचारलं. आपलं मत द्यायचं नाही, उत्तर सुचवायचं नाही, समोरचा थांबला तर आपणही थांबायचं. मास्तर थोडं थांबले आणि म्हणाले, "पोरगी येते ना सोबत. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. ती चारला उठते, मला इथं आणते, बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपते, तोंड उघडं टाकून. मग तशीच कामावर जाते ते रात्री आठपर्यंत. मला काचेतून दिसतं सगळं. मग मी सांगून टाकलं, डॉक्टर म्हणाले आता दोनदाच पुरे. गुरुवारी आता सातपर्यंत झोपते. तिला काडीचा पत्ता नाही."

शेवटचं वाक्य बोलताना ते हसले. शाळेला दांडी मारून न सापडलेलं पोर हसतं तसं. काकूंनी वहीत वेळ लिहिली, एकतिसावं मिनिट, आणि पुढचा प्रश्न विचारला.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला तोंड नव्हतं का? होतं. पण दवाखान्याला सगळं माहीतच होतं, लाल फुल्या भिंतीवर होत्या. माहीत नव्हतं ते फक्त मुलीला, आणि मुलीशी बोलायचं नाही असं काकूंनी स्वतःच लिहून दिलं होतं. ती बाहेरच्या बाकावर बसलेली त्यांना दर शनिवारी दिसायची. काकू तिच्यासमोरून जायच्या, यायच्या. एकदा तिच्या मांडीवरची पर्स घसरून खाली पडली, ती काकूंनी उचलून बाकावर ठेवली. मुलगी जागी झाली नाही.

सहा आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी, मास्तर गेले. फुप्फुसात पाणी भरलं होतं. सिस्टरने काकूंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या बाराव्या मुलाखतीचं टायपिंग करत होत्या. त्यांनी अरेरे म्हटलं, फोन ठेवला आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे टाइप करायला घेतलं. संध्याकाळी नीट जेवल्या. रात्री झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचीच जरा धास्ती वाटली, म्हणून त्यांनी मनावरचा ताण मोजायची वीस प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि प्रामाणिकपणे भरली. बेरीज इतकी कमी आली की तक्त्याप्रमाणे काकू ठणठणीत होत्या. त्यांनी ती बेरीज परत करून पाहिली.

मार्गदर्शक मॅडमना मात्र सातवी मुलाखत फार आवडली. चौथं प्रकरण हिच्यावरच उभं राहील, म्हणाल्या, असा माणूस शोधून सापडत नाही. काकूंनी नऊ पानं लिहिली. मास्तरांचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं आणि खाली लिहिलं: कुटुंबावरील भार टाळण्याची प्रेरणा. वाचायला बरं वाटत होतं.

प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले असताना मास्तरांच्या मुलीचा फोन आला. बाबांच्या शर्टाच्या खिशात तिला संमतिपत्राची प्रत सापडली होती, खाली काकूंचा नंबर होता. त्यात आवाज रेकॉर्ड केला जाईल असं लिहिलंय, तो आवाज तुमच्याकडे आहे का, एवढंच तिने विचारलं. तिच्याकडे बाबांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. काकूंनी विचारून सांगते म्हटलं.

नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग शुक्रवारपर्यंत पुसायचं होतं, पुसल्याच्या दाखल्यावर सही करायची होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. मुलीला आवाज दिला तर मास्तरांनी जे तिच्यापासून दडवलं ते तिला त्यांच्याच तोंडून ऐकू जाणार, आणि हे समितीला कळलं तर प्रबंध रद्द होणार. नाही दिला तर तो आवाज शुक्रवारी संपणार. काकू मॅडमकडे गेल्या. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनी चहा मागवला. मग अर्जाचं अकरावं पान उघडून ते वाक्य काकूंच्या पुढे सरकवलं.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"त्यांनी ते तुम्हाला सांगितलं, मुलीला नाही. माणूस गेला म्हणून त्याची गोष्ट गावाची होत नाही."

काकूंनी चहा संपवला. पण दुकानात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला कागदातली फट दिसतेच. मुलाखतीची पहिली चार मिनिटं विश्लेषणात धरत नाहीत. समोरच्याची भीड चेपावी म्हणून त्या गप्पा असतात. त्यांना माहिती समजत नाहीत, त्या उतरवूनही काढत नाहीत. मग ती चार मिनिटं ऐकवली तर काय होतं, असं काकूंनी स्वतःला विचारलं. मॅडमना विचारलं नाही.

बुधवारी दुपारी तीनला मुलगी विभागातल्या मुलाखतीच्या खोलीत आली. दोन खुर्च्या, एक टेबल, टिश्यूचा डबा. पस्तिशीची असेल. एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती, तिथलाच कोट अंगावर होता. काकूंनी तिला आधीच सांगितलं की फक्त सुरुवातीचंच ऐकवता येईल. तिने मान हलवली. काकूंनी बटण दाबलं.

मास्तर बोलायला लागले. मी जन्मभर मशीनवर बसलो ताई, आता मशीन माझ्यावर बसलंय. मग शर्टाबद्दल. शर्ट कोणीही शिवेल, पण काज उलटून बघायचं, काज उलटलं की मास्तर कळतो. मध्येच खोकले, पाणी पिऊ का म्हणाले, मग स्वतःच म्हणाले नको, आजचं पाणी संपलं. मुलगी टेबलावरच्या त्या डबीएवढ्या यंत्राकडे बघत होती. रडली नाही. टिश्यूचा डबा काकूंनी तिच्याकडे सरकवला होता, तो तिने तसाच राहू दिला. मग यंत्रातून काकूंचाच आवाज आला, बरं, आता पहिला प्रश्न विचारू का, आणि काकूंनी बटण बंद केलं.

"पुढे गुरुवारचं बोललेत ना ते?" मुलगी म्हणाली.

काकूंनी यंत्र आपल्याकडे ओढून घेतलं.

"मला माहीत होतं. तक्ता भिंतीवर आहे की. शनिवारी मी तिथंच बसते, समोरच. पाच महिने त्या लाल फुल्या बघत होते. डॉक्टरांनी काही कमी केलेलं नव्हतं." ती अगदी सरळ आवाजात सांगत होती, अपॉइंटमेंटची वेळ सांगावी तशी. "आज बोलू, उद्या बोलू, असं करत राहिले. गुरुवारी मला झोप मिळायची हो. तीन तास जास्त. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं." मग ती थांबली. काकूही थांबल्या, सवयीने. "मला एवढंच सांगा, मला माहीत होतं हे त्यांना कळलं होतं का?"

हे उत्तर एकतिसाव्या मिनिटावर होतं. ते सांगितलं की अकराव्या पानावरचं वाक्य पुरतं मोडणार, चौथं प्रकरण जाणार, कदाचित दोन वर्षंही जाणार. काकूंना हे सगळं आकड्यांसकट दिसलं आणि त्यातल्या कशाचंच काही वाटलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काडीचा पत्ता नाही असं म्हणाले. हसत होते."

"हसत?"

"हो. तुम्हाला फसवलं म्हणून. खूश होते."

मुलीने कोटाच्या बाहीवरचा एक धागा चिमटीत धरला आणि ओढत राहिली. तो तुटेना. तिने नाद सोडला.

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं," ती म्हणाली. तिने आरोप केला नव्हता, हिशेब जुळवला होता. "मी बाहेर बाकावर होते तेव्हा."

"हो. सहा आठवडे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"लिहून घेतलं," काकू म्हणाल्या.

बाहेरच्या पॅसेजमधून पोरींचा घोळका हसत गेला, त्यातल्या एकीने केमिस्टकाकू कुठेत म्हणून विचारलं, दुसरीने माहीत नाही म्हटलं. दोघी ते ऐकत बसल्या. मुलीने पर्स मांडीवर घेतली, पण उठली नाही.

"तुम्हाला झोप लागते?" तिने विचारलं.

"लागते," काकू म्हणाल्या. "पडल्या पडल्या लागते. ते कसं, तेच मला कळत नाही."

"मलाही लागते," मुलगी म्हणाली. "आता रोजच सातपर्यंत."

चार वाजता त्या खोलीत दुसऱ्या कोणाची तरी मुलाखत होती, त्यामुळे दोघींना उठावं लागलं.