बुस्स्तोप्पमधला हरवलेला एस

फाइल दुसऱ्यांदा परत आली, तेव्हा खिडकीबाहेर शिजत्या हळदीची वाफ तरंगत होती. पुण्याहून मॅनेजर फोनवर म्हणाले, "पुन्हा रिजेक्ट झाली तर नॉर्वेजियनचं काम पुण्यात हलवावं लागेल." म्हणजे मलाही हलावं लागणार. बरीच वर्षं तिथे भाड्याने काढून आम्ही नुकतेच वसमतला घरी परतलो होतो.

माझं काम म्हणजे मशीनला शब्द वाचायला शिकवणं. शब्द कुठे तुटतो ते सिलेबल, जोर कुठे पडतो तो स्ट्रेस. दोन्हींच्या खुणा करायच्या. नॉर्वेजियन लोक शब्दाला शब्द जोडतात. बहुधा पहिल्यावर मोठा जोर, दुसऱ्यावर हलका. भाषा मला येत नाही, नियम येतात. दुपारी हेडफोनमधले आवाज पाण्यावरून आल्यासारखे वाटत आणि कधी बर्फ न पाहिलेला मी त्यांच्या बसमधून कुठेतरी जात असे.

अडलं होतं 'बुस्स्तोप्प'वर, म्हणजे बसथांब्यावर. रोमन लिपीत busstopp, आठ अक्षरं. मी मधोमध कापला, चार-चार. हिशोब बराबर. रिव्ह्यूवाल्या नॉर्वेजियन बाईंनी लिहिलं, "मशीन बसचा शेंडा म्हणतंय." 'तोप्प' म्हणजे शेंडा. थांबा म्हणजे 'स्तोप्प', अक्षरं पाच. बुस्सची चार. बेरीज नऊ आणि शब्दात आठच. एक एस गेला कुठे?

शेजारी बायको फोनवर होती. तिचा भाऊ जवळा बाजारहून बसने येत होता. ती त्याला म्हणाली, "बस्टँडवरच थांब. हे येतील."

मी हेडफोन काढला. "काय म्हणालीस?"

"बस्टँड."

"बस आणि स्टँड. मग एक स कुठंय?"

"खाल्ला. माझे घास मोजू नका, त्याला आणा आदी. उन्हात उभा राहील."

मोटारसायकलवर मी तोच शब्द पुटपुटत होतो. आमच्याकडे दोन स कुणी म्हणत न्हाई, पण 'टँड' नावाच्या जागेवरही कुणी उतरत नाही. दुसरा स ऐकू येत नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असतो. नॉर्वेजियनमध्ये हेच लिहिताना होतं. तीन सारखी व्यंजनं शेजारी आली की एक गाळतात. शब्द तोडताना ते परत द्यायचं.

मेव्हण्याला घरी सोडून फाइल उघडली. बुस्स, स्तोप्प. मोठा जोर पुढे, हलका मागे. असे जुळलेले सगळेच शब्द पुन्हा तोडले.

फाइल पास झाली. काम वसमतलाच राहिलं, आम्हीही. जोडशब्द कापण्याआधी तोंडाने म्हणून पाहावा. मोजणी नंतर.