डाव्या खांद्यावरचं फूल

बोईसरच्या नंदू एजंटाने मला फसवलं. त्याच्या महिनाभर आधी मी माझ्या माहेरच्या देवीला फसवलं होतं. आणि या दोन फसवणुकींच्या मधे जी सापडली, तिने कोणालाच फसवलेलं नव्हतं. तिचं नाव मंजू. अनुभव लिहिताना माणसं आधी देवाचं नाव घेतात. मी आधी हे सांगून टाकते, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

मी सातपाटीकडची. आईबरोबर सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायला लागले, तेव्हा माझा दहावीचा निकालही लागला नव्हता. नवरा लवकर गेला. टोपलीचा गाळा झाला, गाळ्यातून कारखान्यांच्या रस्त्यावर खानावळ झाली, आणि यातली एकही गोष्ट मला कोणी आपणहून दिलेली नाही. भांडून घेतली. माझ्या तोंडाचा लौकिक असा, की कांदेवाला मला लांबून येताना पाहतो आणि शेजारच्याला म्हणतो, "तूच दे रे हिला, माझी तब्येत बरी नाय."

खानावळीत जेवणारी माणसं सगळी बाहेरची. ओडिशाची, बिहारची, उत्तर प्रदेशातली, शिवाय जव्हारकडच्या डोंगरातून भातकापणी झाल्यावर उतरलेली. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की ही मुलं तिथेच बसून घरी व्हिडिओ कॉल करायची. पलीकडून कोणीतरी नवीन पत्रे दाखवायचं, कोणी विहिरीवरचा पंप. मी तव्यासमोर उभी राहून ऐकायचे. ऐकता ऐकता एक विचार माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला. इथे प्रत्येक जण कुठून तरी निघून आलाय आणि थोडाथोडा वर चढतोय. निघाली नाही ती मी एकटी. खानावळीची जागा भाड्याची, मालक दर वर्षी इमारत बांधायची भाषा करायचा. माझी पंचेचाळिशी उलटली होती. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात नंदू आला. गावातलाच, माझ्याहून लहान. बोईसरला त्याचं एका खोलीचं ऑफिस होतं आणि भिंतीवर विमानाचं चित्र.

"ताई, मस्कतला कंपनीच्या कॅम्पातला किचन हाय. तीनशे मानसांचा. तुमी नुसता हुकूम सोडायचा."

"आणि भांडी कोण घासणार? तुझा बाप?"

"मशीन हाय ताई, मशीन."

बोलणी तीन दिवस चालली. त्याचं कमिशन काही केल्या खाली येईना, आणि भाव न उतरवता वस्तू घ्यायची मला सवय नाही. तिसऱ्या दिवशी मी हातातला आमटीचा डाव मागे वळवला आणि भाकऱ्या थापणाऱ्या मंजूकडे दाखवून म्हटलं, "दोघींना ने. मग उतरशील का नाही?" नंदू उतरला. मासळीबाजारात गिऱ्हाईक अडून बसलं की आम्ही वाट्यावर एक मासा वर टाकतो आणि सौदा मिटवतो. मी मंजूला तशी वर टाकली. त्या क्षणी मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

मंजू तिशीची. मनोरच्या पुढे डोंगरात तिचा पाडा. नवरा दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातो, दोन मुली तिच्या आईकडे. माझ्याकडे सहा वर्षं होती. सौदा झाल्यावर मी तिला विचारलं, "येशील ना?"

"बाय, तू जाशील तिकडं मी येन," ती म्हणाली आणि पुढची भाकरी उलटली.

माझ्या माहेरी खाडीच्या काठाला देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथे कौल लावायची रीत आहे. दोन फुलं पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायची आणि आपला प्रश्न मोठ्याने बोलून बसून राहायचं. उजव्या खांद्यावरचं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. एका प्रश्नाला एक कौल. डावं पडलं की वर्षभर तो प्रश्न पुन्हा काढायचा नाही. होडी घेण्याआधी, सोयरीक ठरवण्याआधी आमच्याकडची माणसं कौल लावल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत.

मी विचारलं, "मी बाहेरदेशी जाऊ का?" डावं पडलं.

आठ दिवसांनी प्रश्न फिरवून विचारलं, "दोनच वर्षं जाऊ का?" डावंच पडलं. पुजारी काका गालात हसले. "बाय, ही काय कोलंबी हाय का, घासाघीस करायला? एकदा नाय म्हनली, नाय."

तिसऱ्यांदा मी भरदुपारी गेले, काका जेवायला गेल्याची वेळ बघून. बाजारात जन्म गेलेल्या बाईला ओलाव्याचं ज्ञान असतं. कुठला मासा किती पाणी धरतो आणि किती वेळ ताजा दिसतो, हे मी डोळे मिटून सांगेन. ते ज्ञान मी तिथे वापरलं. डाव्या खांद्याचं तगरीचं फूल गंधात बुडवून दाबून बसवलं, उजवं पदराला पुसून नुसतं टेकवलं. प्रश्न पुरता व्हायच्या आत उजवं पडलं. मी नारळ फोडला, नमस्कार केला आणि नंदूला फोन लावला.

मंजूचा व्हिसाचा कागद आधी आला. किचनमधल्या जागा टप्प्याटप्प्याने भरतात, असं नंदूने सांगितलं. एका मंगळवारी मी तिला विमानतळावर सोडून आले. माझीच जुनी बॅग तिच्या हातात होती. आत जाताना तिने वळून मला हात केला, जणू मी मागूनच येतेय.

माझा कागद चार दिवसांनी आला. मोबाईलवर आला होता, मी छापून घेतला आणि गल्ल्याजवळ खिळ्याला लावला. खरं सांगायचं तर चारचौघांनी बघावा म्हणूनच लावला. त्या दुपारी एक अनोळखी माणूस जेवायला आला. साठीचा, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर. चौकशी केली तर म्हणाला, कारखान्याच्या गेटवर काम मागायला आलोय. जेवता जेवता त्याने चष्मा लावला आणि त्या कागदाकडे बघत राहिला.

"बहन, ये किसका है?"

"मेरा है. क्यों?"

"मैं सत्रह साल रहा हूँ उधर. ये काम का वीज़ा नहीं है, घूमने का है. और बुलाने वाली कोई कंपनी नहीं, किसी घर का आदमी है. ऐसे कागज पे औरत जाती है तो घर के काम में फँसती है."

माझा राग हा असा आहे, की जो खरं बोलतो त्याच्यावर तो आधी जातो. मी म्हटलं, "खाना हो गया? तो उठिए." त्याच्या ताटात अर्धी भाकरी होती, वाटीत आमटी होती. त्याने हात धुतले, पैसे ताटाजवळ ठेवले आणि गेला. ताटावरून माणूस उठवू नये, हे माझ्या आईने मला बोलायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

संध्याकाळपर्यंत राग उतरला आणि भीती चढली. नंदूच्या ऑफिसला कुलूप, फोन बंद. मंजूचा फोनही लागेना. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जाऊन तक्रार दिली. तिसऱ्या दिवशी परक्या नंबरवरून माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केलेला आवाज आला, मंजूचा, दबका: "बाय, इथं किचन नाय. घर हाय. फोन घेतला माझा. तू कधी येशील?"

तू कधी येशील. ते मी किती वेळा ऐकलं असेल, सांगता येत नाही. माझ्या ओळखीत त्या देशाची माहिती असलेला माणूस एकच होता आणि त्याला मी ताटावरून उठवलं होतं. नावही माहीत नव्हतं. पाळ्या सुटायच्या वेळेला मी गेटांवर उभी राहिले, पांढऱ्या दाढीचा प्रत्येक माणूस वळून बघितला. तो कुठे दिसला नाही.

मग मी देवळात गेले. हातात काहीच नव्हतं. समोर बसले आणि सवयीने तोंड उघडलं, "आई, तिला सुखरूप आणलंस तर मी तुला..." आणि पुढे शब्द आला नाही. हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले आहे. तू एवढं कर, मी एवढं देते. यातलं 'एवढं' शेवटी आपल्या फायद्याचं कसं करायचं, हे मला पक्कं माहीत होतं, आणि माझ्यासमोर बसलेलीला तर ते माझ्याहून जास्त माहीत होतं. डाव्या खांद्यावर मी लावलेल्या गंधाचा डाग अजून होता. मी पदराने तो पुसला. म्हटलं, "तिला आण. माझ्याकडे द्यायला काही नाही. नाही आणलंस तरी मी येत राहीन." जन्मात पहिल्यांदा मी भाव न करता काही मागितलं असेल.  बरं वाटलं असं नाही. पण हात ढिले पडले, एवढं आठवतं.

काका बाहेरून म्हणाले, "आज फुला नाय आनली?"

"नाय."

"बरा केला. तिला पन जरा आराम."

दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळीच्या दारात तो माणूस उभा होता.

"बहन, मेरा चश्मा रह गया था. अंदर आऊँ, कि बाहर से ही ले लूँ?"

चष्मा होता. त्या दिवशी टेबल पुसताना कोणीतरी उचलून देवाच्या फळीवर ठेवला होता आणि मी रोज तिथे उदबत्ती लावूनही तो पाहिला नव्हता. बोईसरला काम न मिळाल्यामुळे तो त्याच दिवशी संध्याकाळी वापीला निघणार होता. चष्म्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून तेवढ्यासाठी वाट वाकडी करून आला. मी त्याच्या हातात चष्मा दिला आणि दारातून बाजूला झाले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाकावर बसला. "उस दिन की आधी थाली बाकी है," तो म्हणाला. "पहले वो."

कुकरच्या शिट्टीपुरताही धीर नसलेली मी, तो शेवटचा घास संपेपर्यंत उभी राहिले. मग मंजूचा आवाज त्याला ऐकवला. त्याने तो नंबर लिहून घेतला आणि तिथल्या एका जुन्या सोबत्याला फोन लावला. तो सोबती ड्रायव्हर. नंबर मंजू होती त्याच्या शेजारच्या घरच्या ड्रायव्हरचा निघाला, त्यानेच दया येऊन मंजूला बोलू दिलं होतं. पुढे दूतावासात अर्ज, फोटो, पुन्हा अर्ज. वापीहून तो मला फोनवर सांगायचा, मी इथून कागद पाठवायचे. पाच आठवड्यांनी मंजू परत आली.

चष्मा विसरायला माणसाला देवी लागत नाही, हे मलाही कळतं. कोणी वाद घातला तर मी हरेन. पण मी त्याला ताटावरून उठवलं नसतं, तर तो घाईत चष्मा विसरला नसता. माझ्या पापातूनच त्याची परतीची वाट निघाली. हे जुळवून आणण्याइतकी हुशारी माझ्यात नाही. मी तिथे डोकं टेकते आणि पुढे विचार करत नाही.

मंजू पंधरा दिवस पाड्यावर राहिली. धाकटी मुलगी पहिले दोन दिवस तिच्याजवळ गेली नाही, असं तिच्या आईने सांगितलं. परत आली ती सरळ परातीसमोर बसली. तिथल्या घराबद्दल तिने फारसं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मनगटावर भाजल्याची खूण आहे. तव्याची नाही, तव्याच्या खुणा मी ओळखते.

एकदा भाकरी थापताना तिने विचारलं, "बाय, तू का नाय आलीस?"

मी तिला सगळं सांगितलं. चष्मेवाल्याचं, कौलाचं, दोनदा पडलेल्या डाव्या फुलाचं, गंधाचं. नंदूशी केलेल्या सौद्याचंही. ती ऐकत होती, हात थांबले नव्हते.

"म्हंजे देवी नको बोलली होती."

"हो."

"तुला नको बोलली," मंजू म्हणाली. "माझा तर कोनी विचारलाच नाय."

ती हसली. मला आजवर कोणाचं बोलणं एवढं लागलेलं नाही. तीन वेळा कौल लावला आणि तिन्ही वेळा प्रश्न माझाच होता. मी जाऊ का. जिला मी वर टाकलं, तिच्यासाठी एक फूलही भिजवलं नव्हतं. त्यानंतर मी मंजूला घेऊन देवळात गेले. काकांसमोर सगळं कबूल केलं आणि मंजूच्या पाया पडले. ती लाजून मागे सरली, "काय करतेस गो बाय." यंदा ती खानावळीत निम्म्याची भागीदार आहे. हे मी दान म्हणून दिलेलं नाही. तिने मागितलंही नाही. भावही ठरवला नाही.

शरण जाणं म्हणजे तोंड मिटून गप्प बसणं, असं मला पूर्वी वाटायचं, म्हणून ते मला कधी जमलंच नाही. आता एवढं समजलंय, की आपल्याला हवं तेच उत्तर काढून घ्यायचा हट्ट सोडायचा आणि जे पडेल ते फूल उचलायचं. परदेशी जायचं माझं मन अजूनही कधी कधी होतं. होऊ दे. देवीने मला वाचवलं, तिचे उपकार मानते. पण माझा राग तिने काढून घेतलेला नाही. मला वाटतं, तिने तो मुद्दाम ठेवला असावा.

कारण नंदूने आता पालघरला नव्या पाटीखाली ऑफिस थाटलं आहे. गेल्या नवरात्रात त्याने याच देवीला साडी नेसवली, माईकवर त्याचं नाव पुकारलं गेलं. देवीने ती साडी घेतली. माझा नारळही तिने असाच घेतला होता.

तर नंदू, हे तुझ्या वाचनात येईल अशी तजवीज मी करणार आहे. चौकीतली तक्रार तिच्या जागी आहे, ती चालेल तशी चालेल. माझा गुन्हा मी काकांसमोर बोलले, मंजूसमोर बोलले, आता इथे लिहिला. तुझा तू बोल. देवळात ये. साडी नको, नारळ नको, फुलंही नकोत. मंजू पायरीवर बसलेली असेल. तिला कुठल्या घरात पाठवतोयस, हे तुला विमानतळाच्या आधी माहीत होतं की नव्हतं, ते तिच्या डोळ्यांत बघून सांग. हो किंवा नाही. उत्तर माझ्या सोयीचं नसलं तरी मी ऐकून घेईन, पण तिला ते मिळाल्याशिवाय तू त्या पायरीवरून उठायचं नाहीस.