रविवारचं कॉलेज

आधी अव्वाची मराठी गेली, मग माझी नोकरी जायची वेळ आली. दोन्ही एकाच वर्षात.

अव्वा म्हणजे माझी आई. मैंदर्गीला आमचं कापडाचं दुकान होतं. अव्वा गल्ल्यावर बसायची आणि पायरी चढणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघून कानडी बोलायचं की मराठी ते ठरवायची. जोडपं आलं की नवऱ्याशी भावाची घासाघीस मराठीत आणि त्याच्या बायकोच्या बाळंतपणाची चौकशी कानडीत, असं तिचं एका दमात चालायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर दुकान बंद झालं आणि मी तिला जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. पहिलं वर्ष बरं गेलं. मग ती विसरायला लागली. गॅस विसरली, देवापुढचा दिवा विसरली, आणि एके दिवशी माझ्या यजमानांनी "आत्या, चहा घेता का?" विचारलं तर नुसती बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, या आजारात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते, लहानपणची टिकून राहते. अव्वाच्या बाबतीत तसंच झालं. महिन्याभरात तिच्याकडं फक्त कानडी उरली, तीही मोजकी.

आमच्या घरात कानडी येणारी मी एकटी. यजमान बार्शीकडचे. त्यांना तीन शब्द येतात, नीरु, ऊटा, साकु. पाणी, जेवण, पुरे. एवढ्यावर जावयाचं भागतं. मुलगी बारावीला होती, तिला तेवढंही येत नव्हतं. सकाळी मी शाळेत असायची तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मावशी अव्वापाशी येऊन बसत. त्या अक्कलकोटच्या, दोघींचं छान जमायचं. दुपारनंतर मी होतेच. असं ओढूनताणून चाललं होतं.

त्यात शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्या. मी त्या शाळेत बालवाडी घेते. एवढी वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. या बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण पुढच्या जूनपासून पदवी नसेल तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही." पाणी आधी दिलं तेव्हाच मी समजायला हवं होतं. माझं बी.ए.चं दुसरं वर्ष झालेलं आहे. तिसऱ्या वर्षाच्या आधी लग्न ठरलं. आमच्याकडं हे इतकं सर्रास होतं की कुणी त्याबद्दल वाईटसुद्धा वाटून घेत नाही.

म्हणजे मला एका वर्षात पदवी हवी होती, आणि ती अशा कॉलेजातून हवी होती की जिथं जाताना अव्वाला तिची भाषा न कळणाऱ्यांच्या हाती सोपवावं लागणार नाही. माझी अट एवढीच होती. मला ती फार मोठी वाटली नव्हती.

मुलीनं मोबाईलवर शोध घेतला आणि त्या दिवसापासून मोबाईलनं माझी पाठ सोडली नाही. 'घरबसल्या पदवी', 'अपूर्ण शिक्षण पूर्ण करा', आणि टोपी उडवणाऱ्या हसऱ्या पोरी. त्यातलाच एक गाळा सात रस्त्याजवळ निघाला. वर ब्यूटी पार्लर, खाली हे. आतला माणूस फार अगत्यानं बोलला. "ताई, तुमी फक्त हो म्हणा की. बाकीचं आमी बगतो. क्लास न्हाय, काय न्हाय."

"आणि परीक्षा?"

"त्याचं बी बगतो की."

मी विचारलं, परीक्षेचं तुम्ही काय बघणार? तर तो हसला. मला त्याच्या हसण्याचा मनस्वी राग आला, आणि खरं सांगायचं तर मोहही पडला. अव्वाजवळून हलायलाच नको, घरी बसून कागद येणार. तरी मी चप्पल घालून बाहेर आले. माझं लग्नाआधीचं राहिलेलं शिक्षण मला दुसऱ्या कुणी लिहिलेल्या पेपरानं पुरं करायचं नव्हतं. यजमान म्हणाले, "एवढं ताठ राहून कसं चालेल?" मी म्हटलं, चालेल.

दुसरं कॉलेज विजापूरकडचं, कन्नड माध्यमाचं. ते मावशींच्या भाच्यानं सुचवलं. मी मैंदर्गीला दहावीपर्यंत कानडी शाळेतच शिकले. मराठी माध्यम पुढं अकरावीपासून आलं. फोन केला तर पलीकडून "बर्री अक्का", या ताई, असं इतकं गोड उत्तर आलं की मी पुढच्या गुरुवारी, यजमानांची कारखान्याची सुट्टी बघून, बसनं गेलेच. तिथल्या बाईंनी मला पुस्तकं हातात घेऊन बघू दिली. जाड, करड्या पुठ्ठ्याची. मी पहिलं पान मनात वाचायला लागले आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की ओठ हलताहेत. मला वाटलं, हे पुस्तक मी अव्वाच्या खाटेशेजारी बसून मोठ्यानं वाचेन. तिला इतिहास कळो न कळो, भाषा तर कळेल. अभ्यासही होईल आणि तिच्याशी बोलणंही होईल. वर्ग नव्हतेच, फक्त वर्षाकाठी परीक्षेला यायचं. माझी अट इथं बसत होती.

पण त्या बाई म्हणाल्या, तुमची महाराष्ट्रातली दोन वर्षं इथं धरता येणार नाहीत. पहिल्यापासून सुरू करावं लागेल. तीन वर्षं. शाळा तीन वर्षं थांबणार नव्हती. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून रडले. शेजारची बाई कानडीत म्हणाली, रडू नको, देव आहे.

राहिलं तिसरं. एका मुक्त विद्यापीठाचं अभ्यास केंद्र, घरापासून रिक्षानं जाण्याजोगं. मराठी माध्यम, दोन वर्षं मान्य, थेट तिसऱ्याला प्रवेश. फक्त दर रविवारी संपर्क वर्ग, आणि तिथले सर हजेरीला कडक. खिडकीवरच्या क्लार्कनं माझ्या जुन्या गुणपत्रिका उलट्यासुलट्या केल्या.

"ताई, गॅप लई मोठाय की ओ तुमचा. गॅपचं प्रतिज्ञापत्र लागंल."

"त्यात काय लिहायचं?"

"मधल्या काळात काय केलं नाय, असं लिवायचं."

मी म्हटलं, दोन बाळंतपणं केली, एक मूल गेलं, एक वाढवलं, बालवाडीच्या किती पोरांना पेन्सिल धरायला शिकवलं. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "तसं नाय ओ. दुसरीकडं ॲडमिशन घेतली नाय, एवढंच." मी लिहून दिलं.

रविवारी मावशींचे लेक-जावई येतात, त्यामुळं त्या मोकळ्या नसायच्या. यजमानांची सुट्टी गुरुवारी. म्हणून रविवारी अव्वापाशी मुलगी बसेल असं ठरलं. तिनं आपणहून हात वर केला. मी तिला सगळं खुणेनं दाखवून दिलं. पोटावर हात ठेवला तर भूक, साडीचा काठ चोळायला लागली तर बाथरूम. शब्द शिकवायचं तेव्हा सुचलं नाही. एवढ्याशा वेळेला शब्द कशाला लागतात, असं वाटलं.

वर्गात मला आवडायला लागलं, हे कबूल केलं पाहिजे. आमच्यात एक पोलीस होता, दवाखान्यातल्या नर्स होत्या, टेंभुर्णीहून येणारा एक ढाबेवाला होता, आणि सगळे बाकावर बसायच्या आधी बाक पुसायचे. सर काही विचारायला लागले की सगळ्यांच्या माना खाली. मी मात्र हात वर करायची. चाळिशी ओलांडलेल्या बाईला कुणीतरी "बरोबर" म्हणणं किती गोड लागतं, ते मला तिथं कळलं. त्या तीन तासांत मी घर विसरायची. अव्वालाही विसरायची.

एका रविवारी घरी आले तर मुलगी दारातच उभी, तोंडभर हसू. "आई, आजीची मराठी परत येतेय."

मी पिशवी खाली ठेवली. "काय म्हणाली?"

"तू गेलीस की थोड्या वेळानं विचारते, 'काय, ती नी?' म्हणजे, काय, ती नाही का? मी सांगते, नाही आजी, ती नाही घरात. मग परत विचारते."

मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. मराठी परतली तर मुलगी आहे, जावई आहे, खालची पोरं आहेत, सगळं घर तिला परत मिळणार. मी धावत अव्वाजवळ गेले आणि मराठीत बोलले. "अव्वा, कशी आहेस?" ती माझ्याकडं बघून नुसती हसली. मी पुन्हा बोलले. नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर यजमान म्हणाले, "अगं, येईल हळूहळू." त्या रात्री मी डॉक्टरांना फोन लावण्याच्या गोष्टी करत होते.

पुढच्या रविवारी सरांना ताप होता, वर्ग लवकर सुटला. उकाडा होता म्हणून आमच्या फ्लॅटचं दार उघडं होतं. जिना चढताना मला अव्वाचा आवाज ऐकू आला, स्पष्ट, शांत.

"काय्तीनि."

मुलीचा आवाज, मोठा, ऐकू न येणाऱ्याशी बोलतात तसा. "नाही आजी, ती नाही."

"काय्तीनि."

"नाही गं आजी. ती नाही."

मी कठडा धरून उभी राहिले. ती मराठी नव्हतीच. आमच्या कानडीत 'काय्तीनि' म्हणजे मी वाट बघते. अव्वा काही विचारत नव्हती. ती सांगत होती. रविवारमागून रविवार ती माझ्या पोरीला सांगत होती की मी वाट बघते, आणि माझी पोर चांगल्या मनानं, सारखी, तिला सांगत होती की ती नाही.

आत जाऊन मी अव्वाचे हात धरले. मग मुलीला स्वयंपाकघरात नेऊन अर्थ सांगितला. ती ओट्याला टेकली आणि रडायला लागली. "मी तिला सारखं नाही म्हणत होते, आई." तिची काहीच चूक नव्हती. मला स्वतःचा राग आला, मुख्याध्यापिकांचा आला, त्या करड्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांचाही आला. मी म्हटलं, बास झालं, मी सोडते. नोकरी गेली तर गेली.

मुलगी बोलली. डोळे पुसून म्हणाली, "सोडू नको. मला ते कानडीत कसं म्हणायचं सांग. ती येईल, हे."

"बर्ताळ."

तिनं ते म्हणून बघितलं. ळ जरा मराठी झाला. तिनं पुन्हा म्हटलं. मग 'अज्जी' शिकली, 'ईग' शिकली, म्हणजे आत्ता. पुढच्या रविवारी मी निघाले तेव्हा ती अव्वाच्या पायाशी बसून होती. मी परत आल्यावर मुलगी म्हणाली, आजी आज एकदाच म्हणाली, मग मी सांगितल्यावर पडून राहिली, शांत. मी उरलेले सगळे वर्ग केले. परीक्षेला बसले, आणि पेपर माझ्या हातानं लिहिले. पास झाले. मुख्याध्यापिकांनी पेढा खाल्ला आणि अभिनंदन केलं. नोकरी राहिली.

मग वर्ग नसलेला रविवार आला. मी सकाळी अव्वाला न्हाऊ घातलं, तिचे केस विंचरले, तिला भरवलं. आता कुठं जायचं नव्हतं. मी तिला कानडीत सांगितलं की झालं अव्वा, संपलं, आता मी रविवारी घरीच. तिच्या खाटेवर, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. मुलगी खाटेखाली फरशीवर, अव्वाच्या पायाशी पुस्तक घेऊन बसली होती.

अव्वानं माझ्याकडं बघितलं. पुष्कळ वेळ, परक्या बाईकडं अदबीनं बघावं तसं. मग तिनं मान वळवली आणि दाराकडं बघत म्हणाली, "काय्तीनि."

मुलीनं पुस्तक मिटलं, आधी माझ्याकडं बघितलं, आणि मग आजीच्या पायावर हात ठेवून म्हणाली, "बर्ताळ, अज्जी. ईग बर्ताळ."