फळीवरचा राधाकिसन

तीर्थपुरीच्या बालकिशनशेठनं उभा जन्म लग्नांचे फोटो काढले. पण लागोपाठ दोन वर्षं कापूस-सोयाबीनला भाव मिळाला नाही आणि दिवाळीनंतर निम्मी गल्ली ऊसतोडीला निघून गेली. त्यात यंदा स्वतःची शेती असलेली माणसंही होती. ज्यांच्या अंतरपाटाचे फोटो आपण काढले, त्यांचे हे दिवसही कोणीतरी टिपून ठेवायला हवेत, असं त्याच्या मनानं घेतलं. असला अल्बम कोण घरात ठेवील, असं बायको लाडबाई म्हणाली. तरी तो कॅमेरा घेऊन सांगलीकडच्या उसाच्या फडावर पोचलाच.

तिथं पहिल्याच दिवशी त्यानं घोळ घातला. सवयीनं सगळ्यांना तोंड धुवायला लावलं, बायकांना साडीवर चढवलेले नवऱ्यांचे शर्ट काढायला लावले, आणि उसापुढं ओळीनं उभं केलं. हनुवटी वर, नजर इकडं. साखराबाई कोयता खाली ठेवत म्हणाली, "शेठ, हळद लावायची राह्यली की." सगळा फड हसला. बालकिशनही हसला, पण मनातून खजील झाला. मग कोणाला काही सांगायचंच त्यानं सोडून दिलं. नुसता त्यांच्या मागं फिरत राहिला.

साखराबाईचा नवरा राधाकिसन मात्र हाती लागेना. चार एकरांचा मालक. लेकाकडं पुण्याला राहायला चाललो, असं गावात सांगून तो आला होता. कॅमेरा दिसला की उपरणं तोंडावर ओढायचा. पण उसाची मोळी डोक्यावर घेऊन तो ट्रॉलीला तिरक्या लावलेल्या फळीवर चढत असताना बालकिशननं डाव साधला, कारण तेव्हा त्याचे दोन्ही हात मोळीला होते. याहून चांगला फोटो आपल्या हातून कधी निघाला नाही, हे बालकिशनला तिथंच कळलं.

दुकानात त्याचा एक शिरस्ता होता. छापलेले फोटो गिऱ्हाइकापुढं मांडायचे आणि नको तो त्यालाच फाडू द्यायचा. फाडला तो कायमचा गेला. संक्रांतीच्या सुमारास त्यानं फोटो छापून आणले आणि मजुरांच्या कोपीसमोर, त्या पाचटाच्या झोपडीपुढं, ताडपत्रीवर मांडले. हे तीर्थपुरीच्या बाजारात लावणार आहे, असं स्पष्ट सांगितलं. ओळीत उभं राहून काढलेले सगळे फोटो बायकांनी टराटरा फाडले. मग फळीवरचा फोटो राधाकिसननं उचलला. बालकिशन पुढं सरकला, पण शिरस्ता आठवून थांबला.

राधाकिसननं तो डोळ्यांजवळ धरला. फोटोत मानेच्या शिरा ताठ, पाय फळीवर घट्ट रोवलेले. गावात कळेल, असं साखराबाईनं त्याला हळूच सांगितलं.

"कळू दे," तो म्हणाला. "मी काय चोरी करायला आल्तो? एवढी मोळी उचलतो म्हणलं असतं, तर कोणाला खरं वाटलं असतं का? शेठ, हा मोठा करा. बराबर मधोमध लावा."

चैत्रात टोळी परतली आणि बाजाराच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर फोटो लागले. सगळा बाजार तिकडं लोटला. राधाकिसनच्या भावकीतल्या भुजंगनं त्याला खवचटपणे विचारलं, "हेच का तुझं पुणं?"

राधाकिसन आपल्याच फोटोखाली उभा होता. "हेच," तो म्हणाला, आणि शेजारचं ज्वारीचं पोतं दाखवून भुजंगला म्हणाला, "घे डोक्यावर. चढ शाळेच्या पायऱ्या. मंग बोलू."

भुजंगनं पोत्याकडं पाहिलं, पायऱ्यांकडं पाहिलं आणि तो मागं सरकला. लोक पोट धरून हसले.

इतका वेळ भाजीच्या गाड्यांआड थांबलेले टोळीतले बाकीचे मग पुढं आले. भिंतीवर आपापला फोटो शोधू लागले, आणि सापडला की भाऊबंदांना नावानं हाका मारून बोलावू लागले.