डब्लिनचा पाच दिवसांचा आठवडा

डब्लिन शहरात आठवडा पाच दिवसांचा असतो, हे आम्हाला राहात्यात बसून कळलं.

आमची प्राजक्ता तिकडे शिकायला निघाली होती. प्रवेश मिळाला, व्हिसा मिळाला, तिकीट निघालं. मिळत नव्हती ती फक्त खोली! वसतिगृहं भरलेली, एकेका खोलीवर पोरांची झुंबड. शेवटी नोराबाई नावाच्या एका एकट्या आजींनी दाद दिली. घराच्या माडीवरची खोली, कॉलेज जवळ, भाडं झेपणारं. अट एकच : सोमवार ते शुक्रवार राहायचं, शनिवार-रविवार आपापल्या घरी जायचं! तिकडची पोरं जातात म्हणे.

"पप्पा, दर शुक्रवारी संध्याकाळी मी कुठे जाऊ? राहात्याला?" प्राजक्ता रडकुंडीला आली.

"व्हिडिओ कॉलवर समजावू की त्यांना," मी म्हणालो. (माझं स्टेशनरीचं दुकान आहे. डिक्शनऱ्या विकतो, म्हणून इंग्रजी येतं असा माझा समज.)

पण आमच्याकडे म्हैस घ्यायची असो की जावई करायचा असो, जाणता माणूस शेजारी बसवल्याशिवाय बोलणी होत नाहीत. म्हणून मी मेहुण्याला बोलावलं. बबनमामा गाईंचा व्यापारी. त्याच्यासमोर गाय उभी केली की तिलाच स्वतःबद्दल शंका येऊ लागते!

"दाजी, ध्यानात ठेवा," मामाने मला शिकवणी दिली. "जे आवडलं त्याला नावं ठेवायची. अन् मी दोनदा खाकरलो की तुमी उठायचं. 'न्हाई जमत' म्हनायचं अन् दाराकडं चालू लागायचं. मागनं हाक येतीच."

"मामा, ही खोली आहे, गाय नाही!" प्राजक्ता म्हणाली.

"येव्हार त्यो येव्हार."

कॉल लागला. मोबाईल टीपॉयवर, डिक्शनरीला टेकवलेला. नोराबाई हसतमुख. त्यांनी फोन फिरवून खोली दाखवली. स्वच्छ, उजेडाची, खिडकीबाहेर सफरचंदाचं झाड! माझी बायको शैला "अगंबाई!" म्हणणार तेवढ्यात मामाने तिला डोळ्यांनी दटावलं आणि स्वतः तोंड कडू केलं.

"खिडकी बारीक हाय."

"मामा म्हणतात, खिडकी छान आहे," प्राजक्ताने इंग्रजीत सांगितलं.

"पलंग कुरकुरत आसंल. बसून दाखवा म्हनावं."

"पलंगही छान आहे म्हणतात."

नोराबाई मामाच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. छान म्हणताना माणूस असा दिसतो? मामालाही भाचीचा संशय आला. त्याने गळ्यातलं उपरणं सावरलं, मोबाईलवर वाकला आणि आपलं सगळं इंग्रजी एकदम बाहेर काढलं, "रूम... स्मॉल! ओल्ड! नो गुड!"

प्राजक्ताने डोळे मिटून घेतले. मी परिस्थिती सावरायला पुढे झालो आणि म्हणालो, "येस, येस!"

(हे माझं इंग्रजी!)

नोराबाईंचं हसू मावळलं. "तुझे मामा काय करतात?" त्यांनी थंडपणे विचारलं.

"गाईंचा व्यापार," प्राजक्ता पुटपुटली.

"अन् इचार त्यास्नी," मामा आता थांबेना, "गाय इकली अन् शनवार-रईवार परत तुमच्याच गोठ्यात, आसं आस्तंय व्हय? द्यायची तर सात दिस द्या!" प्राजक्ताने त्यातलं 'सात दिवस द्या' एवढंच इंग्रजीत सांगितलं. आणि मामा दोनदा खाकरला.

मी उठलो. अगदी ठरल्याप्रमाणे! "न्हाई जमत!" मी गरजलो, रुबाबात वळलो, आणि पाय अडकला चार्जरच्या वायरीत. मोबाईल उडाला तो थेट शैलाने आणलेल्या सरबताच्या जगमध्ये. डब्लिन विझलं.

शैलाने जगमध्ये डोकावून पाहिलं.

"उठायचं हुतं दाजी," मामा हळूच म्हणाला, "बुडवायचं न्हवतं."

"गेली खोली," प्राजक्ता म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मोबाईल जगमधून काढून मी शर्टाला पुसत होतो, एवढ्यात प्राजक्ताचा लॅपटॉप वाजू लागला. नोराबाई! आणि त्या पोट धरून हसत होत्या. त्यांचे वडील जन्मभर जत्रेत गाईंची खरेदी-विक्री करायचे. त्यांची पद्धतही हीच : आवडलेल्या गाईला नावं ठेवायची, मग चालू लागायचं. "पण ते फाटकापर्यंत जाऊन मागे वळून बघायचे," नोराबाई म्हणाल्या. "तुम्ही तर एका फटक्यात जत्राच सोडून गेलात! घ्या, सातही दिवस तुमचे. रविवारी मुलीने माझ्यासोबत भावाच्या शेतावर वासरं बघायला यायचं."

एवढं बोलून त्यांनी, तिकडच्या जत्रेत सौदा ठरला की करतात तसं, तळहातावर थुंकल्यासारखं केलं आणि स्क्रीनवर थाप मारली. मामानेही इकडून अशी थाप मारली की लॅपटॉप दचकला. व्यवहार पक्का!

प्राजक्ता आता तिथे मजेत आहे. परवा फोनवर सांगत होती, "पप्पा, नोराबाई म्हणतात, तुझा मामा साधा आहे गं, पण तुझे वडील फार खमके. एक शब्द बोलले आणि तोडून टाकलं!"

शैलाला हसू आवरेना. "हे? ह्यांना भाजीवाल्याकडे कोथिंबीर फुकट मागवत नाही!"

प्राजक्ता सारखी म्हणते, पप्पा, एकदा या ना डब्लिनला. पण मी ठामपणे नाही म्हणून सांगितलंय. अख्ख्या जगात मला खमक्या समजणारं एकच माणूस आहे. त्याला भेटून कसं चालेल?