चिमट्यातला दात

कवळीमामांना कशाकशाची किळस येत नाही, हे सांगणं सोपं आहे. प्लास्टर, मेण आणि मामींच्या हातचा चहा. यादी संपली. बाकी सगळ्याची येते, आणि सगळ्यात जास्त माणसाच्या तोंडाची. अशा माणसाने तीसेक वर्षं लोकांच्या कवळ्या बनवून पोट भरावं, म्हणजे पाण्याची भीती असणाऱ्याने होडी चालवण्यातलाच प्रकार.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चालतं. एक लांब टेबल, मेण वितळवायचा दिवा, कापडी चाक फिरवणारी मोटर आणि भिंतीभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. दोन गल्ल्या सोडून दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. तिथून पेशंटच्या तोंडाचं माप ओल्या पिशवीत येतं, वर नुसता नंबर. मामा त्यात प्लास्टर ओततात आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं तोंड टेबलावर हजर. माणूस कोण, कसा, हे मामांना कधी कळत नाही. पण तो मागच्या दाढा घासत नाही, हे एका नजरेत कळतं.

"हा बघ एकशे बारा," ते मला जबडा उलटा करून दाखवत. "पुढचे सहा दात पाहुण्यांसाठी घासतो. मागे किटणाचा बांध घातलाय. याच्या शेजारी बसून कुणी जेवतं कसं?"

दुरुस्तीला आलेल्या कवळ्या म्हणजे तर मामांची रोजची शिक्षा. कागदी रुमालातून कवळी निघायची, तिच्या खाचेत टोमॅटोचं बी, कडेला शेवाळासारखा थर, आणि फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही की येतो तसा वास. मामा हातभर लांब चिमट्याने ती उचलत, मान दुसरीकडे वळवत आणि साबणाच्या पाण्यात सोडत. नंतर तासभर त्यांना अन्न गोड लागत नसे. कुणाकडे जेवायला गेलं आणि यजमान मोकळेपणाने हसले, की मामांचं पोट भरायचं.

म्हणून आयुष्यात त्यांची एकच महत्त्वाकांक्षा होती. आपल्या तोंडात कवळी येऊ द्यायची नाही. अख्खी नाही, अर्धी नाही, एका दाताचीसुद्धा नाही.

त्यासाठी त्यांचा स्वतःचा एक उपाय होता. कवळी चकचकीत करायला एक करडी, खरखरीत भुकटी वापरतात. ओल्या चाकावर ती टाकून कवळी धरली की आरशासारखी चमकते. मामा म्हणत, जी भुकटी नकली दात एवढा चमकवते, ती खऱ्या दाताला काय वाईट? रोज सकाळी, कवळ्या घासायच्याच राठ ब्रशवर चिमूटभर भुकटी घेऊन ते आपले दात आडवे घासत. खर्र-खर्र आवाज शेजारच्या घरात जायचा. मामी म्हणायच्या, सुतार ठेवलाय घरात. हिरड्यांतून रक्त आलं की मामा खूश होत. त्यांच्या मते ती घाण बाहेर पडत होती.

डॉक्टरीणबाईंनी किती वेळा तोंड दाखवायला सांगितलं. पण ज्याच्या तोंडात घाण त्याने आ वासावा, असं मामांचं उत्तर ठरलेलं. मग ते गार पाणी सोडून कोमट पाणी पिऊ लागले. गार पाण्याने दातांत कळ येते हे त्यांनी मामींनाही सांगितलं नाही. कोमट पाणी पचनाला बरं, एवढंच म्हणाले.

आणि एका रविवारी सकाळी त्यांचा वरचा पुढचा दात तुटला. कशावर? सुपारीवर, हाडावर तुटला असता तरी काही इज्जत राहिली असती. चहात बुडवलेल्या बिस्किटावर तुटला. मामी हसल्या, मग मामांचा चेहरा बघून त्यांनी बिस्किटांचा पुडा उचलून आत ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. मग त्यांनी उरलेलं मूळ काढलं, माप घेतलं आणि सांगितलं, जखम भरेपर्यंत एका दाताची प्लेट, म्हणजे छोटी कवळीच, लागेल, काढ-घाल करायची. पुढचं पुढे बघू. माप पिशवीत घालून मामांच्याच हातात दिलं. नंबर दोनशे सहा.

दुसऱ्या दिवशी मामांनी साचा उघडला. मी तिथेच होतो. सवयीने त्यांनी जबडा उजेडाकडे वळवला. प्रत्येक दाताच्या मुळाशी, हिरडीच्या काठावर, आडवी खाच होती. कानशीने कोरल्यासारखी, एका रेषेत, गुळगुळीत. हिरड्या वर सरकलेल्या. आणि दोन दातांच्या मधल्या फटीत, जिथे ब्रश कधी पोचलाच नव्हता, तिथे किटण जसंच्या तसं.

मामांनी त्या खाचेवरून नख फिरवलं. कारागीर आपल्या हाताची खूण कुठेही ओळखतो.

"हे किडलेलं नाही," ते हळू म्हणाले. "हे पॉलिश केलंय. मीच."

कवळीला पुन्हा थर देता येतो. दाताचं वरचं कडक आवरण एकदा घासून गेलं की परत येत नाही. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मामांनी वाद घातला नाही. बाकीचे दात टिकतील का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, भुकटी फेकली तर टिकतील. मऊ ब्रश, हलका हात, हिरडीच्या काठावर छोटे गोल, दिवसातून दोनदा, आणि दातांच्या फटींतून रोज दोरा.

पहिल्या दिवशी मामांनी तो दोरा मागच्या दाढेतून ओढून काढला आणि नाकाशी नेला. त्यानंतर ते दहा मिनिटं बेसिन धरून उभे होते. तीस वर्षं ज्या वासाने त्यांनी नाक मुरडलं, तो इतका जवळ राहत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण दोरा सोडला नाही. सहा महिन्यांनी रक्त येणं थांबलं, गार पाण्याची कळ कमी झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी सगळे दात एकेक करून हलवून पाहिले. एकही हलला नाही.

स्वतःचा तो एक दात मात्र मामांनी चार वेळा बनवला. रंग जुळला, आकार जुळला, समाधान होईना. शेवटी मामींनी हातातून काढून घेतला तेव्हा तो पूर्ण झाला.

आता रोज सकाळी बेसिनजवळच्या वाटीत, पाण्यात, मामांची प्लेट पडलेली असते. मामा हातभर लांब चिमटा घेऊन येतात, मान वळवतात आणि ती उचलतात. चेहरा अगदी पूर्वीसारखा.

"अहो, तुमचीच आहे ती," मामी म्हणतात.

"म्हणूनच," मामा म्हणतात, आणि ती साबणाने दोनदा धुतात.