घोट्याला बांधलेला करदोडा

मुलाची डावी किडनी निकामी आहे, ती काढली नाही तर एखाद्या तापात त्याचा जीव जाईल, असे परभणीच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला देव आठवला नाही. फक्त भीती वाटली. मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर झाले त्या वर्षीची ही गोष्ट. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आम्ही नवराबायको मानवतहून मुंबईला गेलो. तिथले सर्जन पोट न फाडता, बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून किडनी काढणार होते. लहान मुलांसाठी ही पद्धत तेव्हा नवीन होती. रक्तस्राव आवरला नाही तर पोट उघडावे लागेल, असे सांगून त्यांनी माझी सही घेतली.

सकाळी सिस्टर मुलाला न्यायला आल्या. त्याच्या कमरेला कुलदेवीसमोर बांधलेला काळा करदोडा होता. तो कापायला त्यांनी कात्री पुढे केली. बायकोने मुलाला छातीशी धरले.

"करदोडा तिरडीवर तोडतेत. मी न्हाई तोडू देणार."

उशीर झाला तर आजचा नंबर जाईल, पुढचा कधी ते सांगता येत नाही, असे सिस्टरांनी बजावले. मी कात्री घेतली. असल्या गोष्टी मी मानत नव्हतो. तरी हात पुढे जाईना.

शेजारच्या खाटेवर नातवाला घेऊन बसलेली एक म्हातारी उठून आली.

"कुठली गं तू?"

"मानवतची."

"मी सेलूची. अगं, करदोडा जुना झाल्यावर गावाकडं काय करतीस? नवा बांधून मगच जुना काढतीस ना? यांना कंबर मोकळी पायजे, तर पायात बांध. देवीला काय नुसती कंबरच दिसती व्हय?"

सिस्टर हसल्या. पायात चालेल म्हणाल्या. म्हातारीने नातवासाठी आणलेला काळा दोरा पिशवीतून काढला आणि आमच्या मुलाच्या घोट्याला बांधला. मग जुना करदोडा बायकोनेच कापला.

ऑपरेशन थिएटरचे दार उघडले की पोट फाडावे लागले हे सांगायलाच कोणीतरी आले, असे वाटे. शेवटी सर्जन स्वतः आले. छिद्रांवरच काम भागले होते.

मुलाबरोबर आम्ही वॉर्डात परतलो तेव्हा शेजारच्या खाटेवर दुसरेच मूल होते. म्हातारीचा नातू घरी गेला की आणखी कुठे, ते कोणाला सांगता आले नाही. आपल्या नातवाचा दोरा तिने आम्हाला दिला, याचे मोल मला तेव्हा उमगले.

देवीच आली होती, असे बायको म्हणते. मी तसे म्हणत नाही. पण देवघरात हात जोडले की आधी सेलूच्या त्या नातवासाठी मागतो, मग आमच्या मुलासाठी. पुढचे तिच्यावर सोडतो.